ताईच्या स्थळावर कोसळलेला माळा

आमच्या घाटकोपरच्या चाळीतला पहिला सिव्हिल इंजिनियर मी. त्यामुळे लगेच काहीतरी बांधणं भाग होतं.

नोकरी मिळेना, म्हणून घरातच माळा बांधला. खोली एकच, त्यामुळे तो नेमका पाहुण्यांच्या डोक्यावर आला (हे नंतर लक्षात आलं). गिरणीत जन्म काढलेल्या बाबांनी वर पाहिलं.

"झिला, ह्यो माळो पडतलो मरे!"

"बाबा, गणित केलंय! तुम्हाला नि आईला वर बसवलं तरी हलणार नाही!"

आईने माझ्या डिग्रीला मान दिला. वड्यांच्या पिठाचा भलामोठा डबा वर चढवला!

त्याच रविवारी नंदाताईला बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत, वडील अंधेरीकडच्या एका तंत्रनिकेतनाचे प्राचार्य. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. ताई पोहे घेऊन आली आणि आईला राहवलं नाही.

"हा माळा आमच्या विनूने बांधला हो!"

"वा!" प्राचार्यांनी कौतुकाने मान वर केली.

कर्रर्र... धडाम!

फळी नि डबा बाजूला पडले, पण पीठ सगळं प्राचार्यांवर! चष्मा पांढरा, मिश्या पांढऱ्या, कोट पांढरा! आईने तोंडावर पदर घेतला. बाबा भिंतीला टेकून उभे. संपलं! ताईचं लग्न माझ्याच हातून मोडलं!

इतक्यात ताईला हसू फुटलं. आवरेचना! मुलाने तिच्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि तोही पोट धरून हसायला लागला.

पिठाच्या ढिगातून प्रश्न आला, "गणित कसलं केलं होतंस?"

"फ... फळीचं, सर."

त्यांनी चष्मा पुसला, भिंतीतून निघालेला खिळा उचलला. "आणि भिंतीचं?"

"भिंत... धरलीच नाही, सर."

बराच वेळ ते खोकत राहिले. मग बाबांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आणि ह्याला कृपा करून काही बांधायला देऊ नका. माझ्याकडे शिकवायला पाठवा!"

असा मी प्राध्यापक झालो. पहिल्या दिवशी वेळापत्रक पाहून चाट पडलो. विषय होता, 'बांधकामं का कोसळतात?'

"सर, दुसरा विषय नाही का?"

"आहेत ना," प्राचार्य म्हणाले, "पण त्यांतला तुला अनुभव कुठाय?"