पालखीला लावलेलं दार

आमच्या गावाने माझ्या धाकट्या बहिणीचा जीव घ्यायला काही बाकी ठेवलं नव्हतं. त्यातली बरीच माणसं आता गेली, तरी माझा राग गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा मी चौदा वर्षांची, ती सात. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात आबा, म्हणजे आमचे वडील, आणि त्यांची विधवा बहीण, आमची आत्या. दिवस शिमग्याचे. ग्रामदेवीची पालखी वर्षातून एकदा घरोघर फिरते. आबा तिचे मानकरी, पहिला खांदा त्यांचा. पालखी आधी कुणाच्या दारी जायची, यावरून त्यांची भावकीशी दोन वर्षं भांडणं चालली होती.

त्या सकाळी बहीण पालखी दिसते का बघायला अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर चढली, पाय सटकला आणि खालच्या चिऱ्यावर डोकं आपटलं. थोडा वेळ निपचित पडली, मग उठून बसली. आत्याने टेंगळावर खोबरेल चोळलं. "रक्त नाय आला, काय होत नाय," म्हणाली. रक्त दिसलं नाही की आमच्याकडे पोर धडधाकट.

"पालखी आली काय गो?" बहिणीने मला विचारलं. नाही, दुपारी येईल, मी सांगितलं. लगेच पुन्हा तेच. दहादा सांगितलं, दहादा विचारलं. मग भडाभडा ओकली. उभी केली तर झोकांड्या खायला लागली. उजेड सोसेना म्हणून तोंड झाकायची, आणि हात काढला की नजर भलतीकडेच.

आत्याने हात जोडले. "वारा आला पोरीच्या अंगात."

झालं. वाडीतले चार म्हातारे जमले. पोरीला पाटावर बसवली, कपाळभर कुंकू फासलं आणि कानाशी ढोल बडवायला घेतला. "बोल आई, काय चुकला आमचा?" ती बिचारी काय बोलणार? "पालखी आली काय गो?" एका शहाण्याने मान डोलावली. "बघा. पालखी ह्यांच्याकडे शेवटी येते, ता देवीला खपत नाय." आबांचा चेहरा खुलला. पोर समोर ओकतेय आणि हा माणूस भांडण जिंकल्याच्या आनंदात. तो चेहरा मी त्यांना कधीच माफ केला नाही.

मी बंदरावरच्या सरकारी दवाखान्याकडे पळत सुटले. डॉक्टर माझ्याबरोबर चालत आले. सरकारी माणसापुढे आमच्या वाघांच्या शेपट्या आत गेल्या, ढोल थांबला. डॉक्टरांनी मेणबत्ती धरून तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या, कानातून रक्त किंवा पाणी येतंय का पाहिलं, सकाळी काय खाल्लंस विचारलं. तिला सांगता येईना.

"अंगात कोणी आलेलं नाही. मेंदूला हादरा बसलाय," ते म्हणाले. पुढचं त्यांनी मला एकटीलाच सांगितलं, कारण ऐकत मी एकटीच होते. काळोख्या खोलीत निजवायची. गलका नाही, ढोल तर मुळीच नाही. पातळ पेज द्यायची. दर दोन तासांनी उठवून मला ओळखते का बघायचं. पुन्हा ओकायला लागली, झटके आले, उठवून उठेना किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर तशीच उचलून मोठ्या इस्पितळात न्यायची. बरी वाटली तरी तीन आठवडे धावणं-चढणं बंद.

दुपारी पालखी आली. ढोल-ताशे अंगणात शिरले तशी बहीण कान दाबून कण्हायला लागली. मी दाराला अडसर घातला.

"दार उघड," आबा बाहेरून म्हणाले.

"ढोल थांबवा, मग उघडते."

ढोल थांबला नाही. देवीपुढचा ढोल एका पोरीसाठी थांबवायचा म्हणजे केवढा अपमान. आबा दारावर लाथा मारत होते, आत्या मला शिव्या घालत होती, आणि मी बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या हातांवर माझे हात दाबून बसले होते. पालखी आमच्या दारातून तशीच माघारी गेली. पुढच्या वर्षी आबांचा खांद्याचा मान गेला. मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, "आक्का, भूक लागली." पालखीचं नाव काढलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

तो दिवस तिला कधीच आठवला नाही. डोक्याला हादरा बसला की असं होतं, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण ती जागा रिकामी थोडीच राहते? आत्याने ती स्वतःला हवी तशी भरली.

बहिणीचं लग्न गावातच झालं. गेल्या शिमग्याला मी तिच्याकडे होते. पालखी दारात आली, ती ओटीचं ताट घेऊन पुढे झाली आणि मला हळूच म्हणाली, "आक्का, तू जरा मागे उभी राहा. देवीने मला वाचवली, तेव्हा तू तिला दार लावलं होतंस."

मी मागे जाऊन उभी राहिले.