पाना जागेवर, सायकल प्रदक्षिणेला

मेहुण्याने पुण्याहून टेम्पोत घालून सायकल पाठवली, ती खंडेनवमीच्या सकाळी आमच्या वस्तीवर पोहोचली. खोक्यात बसावी म्हणून पुढचे चाक आणि हँडल काढलेले होते. मेहुण्याने ती हौसेने घेतली होती आणि नऊ महिन्यांत चार वेळा चालवली होती. आता ती माझ्या बायकोची.

बायको या उन्हाळ्यात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, शेजारणीच्या सायकलवर शिकली. तिचे माहेर बेलापूरच्या अलीकडे, आमच्यापासून साडेसात किलोमीटर. हे अंतर मी दोनदा मोजले आहे. बावीस वर्षे ती माहेरी गेली ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, आणि परत आली ती मी ठरवलेल्या वेळेला. तिच्या वडिलांनी भावाला सातवीत सायकल घेऊन दिली होती, तिला नाही. आता ते बाजेवरून फारसे उठत नाहीत. दसऱ्याला एकटीने सायकलवर जायचे आणि त्यांच्या हातात सोने ठेवायचे, एवढेच तिने ठरवले होते. दुपारी साडेतीनला निघायचे, म्हणजे उजेडात पोहोचता येते. परत कधी यायचे ते मात्र तिने सांगितले नव्हते.

जोडणी मी करायला घेतली. पुढचे चाक खटक्याचे, ते हातानेच बसले. फ्रेमच्या पुढच्या नळीत चाक धरणारा चिमटा फिरतो, तिथे वर आणि खाली एकेका वाटीत छर्रे असतात. वरून आखूड स्टेम बसतो आणि स्टेममध्ये हँडल. आधी सर्वांत वरच्या टोपीचा बोल्ट आवळायचा, म्हणजे छर्रे नीट दाबून बसतात. नंतर स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. स्टेमवर बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा छापलेला होता, पाच न्यूटन-मीटर. दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलो टांगले की जवळपास तेवढा जोर होतो, असा हिशेब काढून मी पाच किलो कांदे मोजून ठेवले. तिन्ही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले, आणि पाना हातात घेणार तेवढ्यात आईने हाक मारली. पूजेची वेळ टळत होती. मी माझ्याकडचे लहानमोठे सहाही षटकोनी पाने धुऊन पाटावर कोयता, विळी आणि खुरप्यांच्या ओळीत मांडले. सायकल शेजारी उभी केली. आईने सगळ्यांना हळदकुंकू लावले, हँडलला झेंडूचा हार घातला.

चूक इथेच झाली. आमच्या घरी पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत, कामासाठी हात लावत नाहीत. हे मला पन्नास वर्षे माहीत आहे.

दसऱ्याला सकाळी बायकोने पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. खट. पुन्हा हलवली, पुन्हा खट. मग तिने चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवले. हँडल आंब्याकडे बघू लागले आणि चाक गोठ्याकडेच राहिले. मी म्हटले, मोटारसायकलवर सोडतो. तिने चाक गुडघ्यांतून सोडले. हार सरळ करून स्वयंपाकघरात गेली.

मी पाना मागायला बाहेर पडलो. फाट्यावरच्या सायकलवाल्याने आपले सगळे पाने फळीवर मांडून त्यांना हार घातले होते.

"आज पान्याला सुट्टी हाय, भाऊ," तो म्हणाला. "बसा, पेढा घ्या."

पुढे पंपाच्या जळक्या मोटारी भरणारा आणि ट्रॅक्टरचे गॅरेज. दोन्हीकडे तेच. पाच किलोमीटरच्या टापूत तीन पेढे मिळाले, पाना एकही नाही. गॅरेजवाल्याने तर मलाच विचारले, तुमच्याकडे एखादा बिनपूजेचा आहे का?

घरी आलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. बायको पाटासमोर बसून आईला विचारत होती. आत्याबाई, पान्याने काम करायचे नाही, पण नुसता धरला तर चालतो का? आईने विचार केला. आरतीला आपण घंटा धरतोच की, ती म्हणाली.

"धरणं म्हंजी वापरणं न्हाई. पर फिरवायचा न्हाई हां."

"पाना नाही फिरवायचा," बायको म्हणाली. "सायकल फिरवू."

मला हे पटायला एक मिनिट लागले. पण हिशेबात खोट नव्हती. पान्याने बोल्ट फिरवला काय आणि पान्याने बोल्ट धरून सायकल फिरवली काय, सारखेच.

आईने पाना पाटावरच मुठीत धरायचा आणि आम्ही सायकल तिच्याभोवती न्यायची, असे ठरले. मी जागेवर अंदाज घेतला आणि अडचण लक्षात आली. सायकल सरळ उभी ठेवून बोल्ट आवळायचा तर ती उलट्या दिशेने न्यावी लागत होती.

"उलटी प्रदक्षिणा माझ्या पाटाभवती न्हाई," आई म्हणाली.

मग सायकल उलटी केली. बोल्टचे तोंड खाली आले की दिशा बदलते आणि बरोबर प्रदक्षिणेची होते. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, पण मूठ अजून भाकरी थापणारी. तिने पाना दोन्ही हातांनी धरला, आम्ही टोपीचा बोल्ट त्यावर टेकवला. बायकोने चाक आणि फ्रेम एकत्र आवळून धरले, मी मागची बाजू. पाव फेरी झाली की हँडल आईच्या हाताला अडायचे. मागे फिरणे मना होते, म्हणून सायकल उचलून तिच्या डोक्यावरून पुढे न्यायची आणि पुन्हा टेकवायची. दर वेळी झेंडूच्या पाकळ्या तिच्या डोक्यावर पडत. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. चौथ्या पाव फेरीनंतर सायकल उभी करून ब्रेक दाबला. खट नाही. चाकही अडत नव्हते. मग चाक आणि हँडल काटकोनात लावून घेतले.

बाजूच्या दोन बोल्टांसाठी सायकल आडवी धरली, एकदा या कुशीवर, एकदा त्या. इथे पाचचा आकडा हवा होता आणि कांदे निरुपयोगी होते. पण आता पाना स्थिर होता आणि सायकल फिरत होती. बोल्टपासून मागच्या चाकाचा आस जवळजवळ एक मीटर, म्हणजे पान्याच्या दहापट अंतर, म्हणून जोर पाच किलोचा दहावा हिस्सा. मी ताणकाटा आसाला अडकवला आणि अर्धा किलो दाखवीपर्यंत ओढला. ताणकाटा पूजेत नव्हता, तो भुसाराच्या खोलीत राहून गेला होता.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बायको निघाली. आपट्याची पाने तिने पुढच्या पिशवीत ठेवली. मी मागून मोटारसायकलवर येऊ का, असे विचारले. बोल्ट मध्येच सैल झाला तर?

"झाला तर उतरून चालत जाईन," ती म्हणाली. "तुम्ही सोनं वाटा."

दिवेलागणीला सोने वाटून झाले. आईने पूजा उतरवली आणि पाना माझ्या हातात दिला, पण आता सायकल नव्हती. साडेसातला बायकोच्या माहेरून मेहुणीचा फोन आला. वडिलांनी बाज अंगणात आणायला लावली, सायकल जवळ घेतली, पुढचा ब्रेक दाबून हलवली, आणि हँडल कुणी बसवले असे विचारले. बायकोने सांगितले, "आत्याबाईंनी पाना धरला, मी सायकल फिरवली." त्यांना काही कळले नाही. ते तिला अंगणात आणखी दोन चकरा मारायला सांगत होते.

ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला आली. मी पाना घेऊन तयारच होतो. तिन्ही बोल्ट तपासले, एकही हलला नाही. तिकडून किती वाजता निघालीस, असे मी विचारले.

ती हात धूत होती. म्हणाली, "बघितलं नाही."