वाच-की अण्णा

"सही कुठं करू?" एवढं कुणी विचारलं की अण्णांचा पारा चढायचा. सोलापूर कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांचं टाइपरायटरचं टेबल होतं. माणसानं पेन उघडलं की अण्णा त्याच्या हाताखालून कागद ओढून घ्यायचे आणि खेकसायचे, "आदी वाच की! तुजंच नाव हाय न्हवं त्यात?" आम्ही रिक्षावाले त्यांना वाच-की अण्णाच म्हणायचो.

ज्याला वाचता येत नसे त्याला ते स्वतः वाचून दाखवत, तेही खणखणीत आवाजात. भवानी पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणावर कुठलं कलम लागलंय ते चहाच्या टपरीपर्यंत कळायचं. बिचारा माणूस लाजेनं अर्धा व्हायचा. "लाजतोस कशाला? आरोप हाय हा, शाबीत झालेला न्हाय. दोनींत लई फरक हाय," असं अण्णा सगळ्यांदेखत सांगायचे. पोलिसांनी धरलं तर कारण विचारायचं, घरी कळवायला सांगायचं, वकील मागायचा, हे सगळं मी गिऱ्हाइकाची वाट बघता बघता त्यांच्याकडूनच ऐकलं.

एकदा मोडनिंबचा एकजण चलनांच्या प्रिंटांची चळतच घेऊन आला. मोटारसायकल त्यानं कधीच विकली होती, पण विकत घेणाऱ्यानं कागदावर नाव बदललं नव्हतं. तो मजेत सिग्नल तोडत होता आणि चलनं याच्या मोबाइलवर येत होती. "पावणाच हाय माजा, त्याला कागद कसा मागायचा?" मोडनिंबवाला म्हणाला. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि त्याचा अर्ज टाइप करायला घेतला.

मग माझी पाळी आली. सात रस्ता चौकाजवळ रिक्षा कडेला लावून मी चहा पीत होतो. एक मोटारसायकलवाला मागून येऊन तिच्यावर आदळला, त्याचा हात मोडला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. त्याच्या फिर्यादीत मात्र माझी रिक्षा भरधाव आली होती. त्याच सुमारास सरकारी ड्रायव्हरच्या भरतीत मी लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा पास झालो होतो. आता फक्त पोलीस पडताळणी राहिली होती. घरात तर पेढ्यांची बोलणी चालू होती.

अण्णांनी आरोपपत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. "गाडी उभी हुती, चहावाला साक्षीला हाय. जजसाहेबांनी इचारलं की सांगायचं, गुन्हा कबूल न्हाय. फुकट वकिलाचा अर्ज मी करून ठेवतो. तारखा पडतील, पडू दे. कबूल म्हनलास तर शिक्षा लागली, मग ती दंडाची का असंना. नोकरी गेली समज."

समजलं होतं हो मला. शपथेवर सांगतो, सगळं समजलं होतं.

तारखेला माझ्यापुढे सात-आठ जण होते. कुणाचं लायसन नव्हतं, कुणी ट्रिपल सीट सापडलेला. एकेक जण "कबूल" म्हणत होता आणि दंड भरून चालू लागत होता. साडेबाराला शाळा सुटणार, माझ्या रिक्षातली पोरं उन्हात फाटकाशी उभी राहणार. मागचा एकजण कुजबुजला, "कबूल म्हन अन् मोकळा हो मर्दा, कशाला हेलपाटे?" साहेबांनी मला विचारलं, परिणाम समजतात का, कुणाचा दबाव नाही ना? मी मान डोलावली आणि कबूल म्हणालो. कारकुनानं कागद पुढे सरकवला. मी म्हणालो, "सही कुठं करू?"

बाहेर अण्णा वकिलाचा अर्ज तयार ठेवून बसले होते. मी निकालाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला. मनातल्या मनात. तसं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "एन माडोदु," ते कानडीत पुटपुटले. काय करायचं आता! "अपील?" मी विचारलं. "सोताच्या तोंडानं कबूल केल्यावर अपिलात काय उरतंय?" तरी त्यांनी तीन ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. भरतीवाल्यांचं तेवढं आलं, दोन ओळींचं. मी अजून रिक्षाच चालवतो.

त्यानंतर अण्णांचा आवाज बसला तो बसलाच. लोक सही करून निघून जायचे, ते बघत राहायचे. माझ्यामुळे झालं हे, दुसऱ्या कुणामुळे नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्या सकाळी दवाखान्यात त्यांच्याजवळ मीच होतो. ऑपरेशनच्या आधी नर्सनं संमतीचा कागद आणून दिला. चष्मा काढून ठेवलेला, त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी वाचायला लागलो, त्यांच्यासारखंच मोठ्यानं. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्या ओळीवर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे रे. तुजा कागद बी मी वाचला हुताच की. काय करता आलं मला?"

"अण्णा, ऐकून तरी घ्या."

त्यांनी पेन मागून घेतलं. कागद बोटांनी चाचपत म्हणाले, "सही कुठं करू?"

मी त्यांचा हात धरून त्या ओळीवर नेऊन ठेवला.