यमीची लाथ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. मग तुम्हालाच का? — ठाऊक नाही. तुम्ही यमीला ओळखत नाही, म्हणून असेल.

यमी माझी धाकटी बहीण. आम्ही सुरगाण्याकडच्या. भाताची कापणी उरकली की आईबाप आम्हाला घेऊन नाशिकला उतरायचे, पेठ रोडला झोपडी टाकायचे आणि द्राक्षबागांत कामाला जायचे. पाऊस तोंडावर आला की परत गावी, भाताच्या आवणीला, चिखलात रोपं लावायला. वस्तीजवळ एका सरांचा किकबॉक्सिंगचा क्लब होता. आमच्यासारख्या पोरींना ते फुकट शिकवायचे. आम्ही दोघी जायचो.

मी मेहनती होते — फुशारकी नाही, खरंच होते. पण यमी! काय सांगू? आवणीच्या चिखलातून पाय उपसून उपसून तिच्या कमरेत जोर आला होता, तो सगळा लाथेत उतरायचा. तोच चिखल मीही तुडवला होता की. माझ्यात का नाही उतरला? तिच्यापुढे पॅड धरणारा पोरगा मागे सरकायचा. माझ्यापुढे जांभई द्यायचा. हसू नका. मला रडू यायचं तेव्हा.

एका वर्षी गावी जायच्या आधी सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, यंदा यमीला नेऊ नका. पावसाळाभर माझ्या घरी राहील, बायको तिचं सगळं बघेल, मी तिला स्पर्धेसाठी तयार करतो. वडिलांना विचारून ये. बाप आमचा क्लबात कधी शिरायचा नाही, सरांशी बोलायला लाजायचा. चपला काढून फाटकाबाहेरच उभा राहायचा. म्हणून मोठी या नात्याने निरोप माझ्याकडे आला.

मी वस्तीकडे चालत निघाले. वाटेत काही ठरवलं नव्हतं — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. ठरवूनच घरात शिरले.

बापाला म्हटलं, सर मला ठेवून घेतायत. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, बाप यमीला सोडायला तयार नाही, मला सोडतोय. झालं. सर धुसफुसले, आणि मग मला ठेवून घेतलं.

यमी रुसलीसुद्धा नाही हो. जीपमध्ये चढताना तिने हाताला बांधायच्या तिच्या पट्ट्या मला दिल्या — धुऊन, घडी घालून. म्हणाली, “ताई, लाथ मारताना श्वास सोड. तू धरून ठेवती.”

दिवाळीनंतर ती परत आली, पण क्लबात पाऊल टाकलं नाही. मीही चल म्हटलं नाही. कशाला म्हणेन? पुढे तिचं लग्न झालं.

आज मी प्रोफेशनल फाइट खेळते. पोस्टरवर फोटो लागतो. प्रत्येक लाथेला श्वास सोडते. सर अजूनही बोलता बोलता माझ्या बापावर चिडतात, चांगल्या पोरीचं वाटोळं केलं म्हणतात. बाप आता नाही. त्या बिचाऱ्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. मी खाली मान घालून ऐकून घेते.

यंदा यमी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला आली होती. मी भेटायला गेले. तिने बागेतल्या सगळ्या बायकांना फोनवर माझ्या फाइट दाखवल्या, ही माझी ताई म्हणून. मग हात धुता धुता सहज बोलली. हसत होती.

“मला उगाच वाटायचं, मी तुझ्यापेक्षा बरी खेळते. पण सरांनी तुलाच ठेवलं. त्यांना कळत असेल ना?”

ती माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

मी ‘हो’ म्हटलं.