सनईची कोरडी पत्ती
ओल्या गवताचा वास आला की पंचवटीतलं मुलीचं लग्न आठवतं. सनईवाल्या बुवांनी माझ्या तरुणपणी मला सनई शिकवायला नकार दिला होता. तो राग ठेवूनच मी घासाघीस करून त्यांनाच बोलावलं. नवरदेव मांडवाच्या दारात आला, तेव्हा ते सनईच्या टोकाला फुंकायची गवती पत्ती तोंडात भिजवत होते. "थांबा शेठ, पत्ती अजून कोरडी आहे." "वाजवायला आलात की चघळायला?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. त्यांनी तशीच फुंकली. सूर चिरकला, पत्ती फाटली, मांडव हसला. "पत्तीच जुनी निघाली," बुवा व्याह्यांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. घाई केली की पत्ती फाटते, हे सनईवेड्या मला ठाऊक होतं. त्यांनी मला का शिकवलं नाही, ही तक्रार आता तोंडातून निघत नाही.