लिओ थिबोडोची मुकादमी

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या नदीवर धबधबा आला, की होडी खांद्यावर घेऊन दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. त्या रचल्या लिओ थिबोडोने. दर उन्हाळ्यात त्या दुरुस्त करायला येणाऱ्या इंटर्न पोरांचा मुकादमही तोच. यंदा त्याचीच जुनी इंटर्न पेटन साहेबीण होऊन आली.

"लिओ, दगडकामाच्या प्रमाणपत्राशिवाय यंदा मुकादमी मिळणार नाही. आधी पोरांबरोबर शिका."

"शिकवणार कोण?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. माझा अनुभव दोन उन्हाळ्यांचा, पण प्रमाणपत्र चकचकीत.

"बसवा दगड, गुरुजी," लिओ म्हणाला.

मी बसवला. आमच्यात दगड पक्का बसलाय का, ते त्यावर नाचून बघतात. लिओ नाचला. दगड डुगडुगला, पोरं खिदळली.

पेटनने कागदावर लिहिलं, 'शिक्षकाचा अवमान. नापास.'

खाली शिक्षकाची सही लागत होती. मी केली.