चारही बाजूंना सारखं

तात्यापारा वस्तीतून सायकलवर येणारे आमच्या कारखान्यातले म्हातारे फिटर मोठ्या विजेच्या मोटारीत फिरणारा रोटर आणि त्याभोवतीचा स्थिर स्टेटर यांच्यामधली फट मोजतात. पोलादी पत्ती आत सरकवताना स्वतः बोलत नाहीत, कोणाला बोलूही देत नाहीत.

मी तिथे नवा इंजिनीअर. एकदा घाईत मी फट फक्त वरच्या बाजूला मोजली आणि रजिस्टरात चारही बाजूंना तोच आकडा लिहिला. त्यांनी तो वाचला.

"साहेब, चारही बाजूले सारखं? एवढी शहाणी मोटर मी तं पाह्यली नाही."

त्यांनी पत्ती माझ्याच हातात दिली. "खालून टाका."

खाली ती शिरेचना. मोटार तशीच चालवली असती तर रोटर घासून जळाली असती.

संध्याकाळी भीतभीत रजिस्टर उघडलं. त्यांच्या वाकड्या अक्षरात होतं : 'खालची फट कमी. साहेबांनी पकडली.'